बटाटे सोलताना

क्लाक्सविकच्या धक्क्यावरून निघालो तेव्हा
त्रोंदूरने जेवणघराच्या भिंतीला एक डबा ठोकला.
बिस्किटांचा, लाल, झाकणाला चीर पाडलेली.
"माझं काय चुकतं ते लिहा," म्हणाला,
"नावं घालू नका."
आणि शिडी चढून गेला सुकाणूकडे.

बोटीवर आम्ही नऊ जण.
प्रत्येकाचं अक्षर प्रत्येकाला ठाऊक.
नाव न घालून कुणाचं काय झाकलं जाणार?

अकरा दिवस डबा लाटांबरोबर हलला,
आत काही नव्हतं म्हणून आवाजही नाही.
बाराव्या दिवशी एक चिठ्ठी निघाली:
सूपमध्ये मीठ कमी.
ती त्याने मला वाचून दाखवली, कारण सूप माझं.
हसला. मला वाटतं,
त्याला जरा हायसंच वाटलं.

कान सोनारानेच टोचावेत म्हणतात.
फेरोच्या उत्तरेला, बर्फाळ वाऱ्यात,
सोनार कुठून आणायचा?
एक होता, हानुस, इंजिनवाला.
दोन वर्षांपूर्वी भर डेकवर बोलला,
की वळताना तू मागे बघत नाहीस.
त्याला कुणी रागावलं नाही, पगार कापला नाही.
फक्त पुढच्या फेरीला कळलं
की त्याची जागा भरलीय.
तेव्हापासून आम्ही मूग गिळतो
कॉडच्या सूपाबरोबर.

त्रोंदूर वाईट आहे असं मी म्हणत नाही.
लाट अंगावर येते तेव्हा
मतं गोळा करत बसणारा माणूस मला सुकाणूवर नको.
तेव्हा मला त्याचा एकच शब्द हवा, मोठ्याने,
आणि तो देतो.
पण वादळाच्या रात्री वर्षाला किती?
बाकीच्या रात्रींनाही तोच आवाज घशात राहून जातो,
मग "कुणाला काही म्हणायचंय?" हेसुद्धा
"नांगर उचला"सारखंच ऐकू येतं,
आणि आपण नांगर उचलतो.

पंधराव्या पहाटे त्याने बोट वळवली,
दोर ताणला,
आणि रोग्वीच्या तळव्यातून गळ आरपार गेला.
एकोणीस वर्षांचा पोर. ओरडलासुद्धा नाही,
माशासारखा तोंड उघडून उभा राहिला.

त्या संध्याकाळी त्रोंदूर खाली आला.
सुरी मागितली.
बटाटे सोलायला बसला, वाईट सोलतो,
सालीबरोबर निम्मा बटाटा जातो.
मी काही बोलायला गेलो नाही.
समोर रोग्वी, हाताचं गाठोडं मांडीवर.
बराच वेळ नुसत्या साली पडत होत्या.

मग त्याने विचारलं. आपलं काय चुकतं, असं नाही.
विचारलं, "साडेचारला मी वळलो,
तेव्हा तू कुठे होतास?"
"डाव्या कठड्याशी."
"तिथून तुला काय दिसत होतं?"
रोग्वीने माझ्याकडे पाहिलं, मी कढईकडे.
"तुमची पाठ," तो म्हणाला.

सुरी थांबली.
कानाडोळा हा शब्द मला तेव्हा कळला,
कान आणि डोळा दोन्ही असून
ज्याची त्यांना पाठच दिसते, तो.

त्याने काही कबूल केलं नाही.
उरलेले चार बटाटे तसेच जाड सोलले,
हात धुतले, वर गेला.
सकाळी सुकाणूपाशी न्हाणीघरातला आरसा बांधलेला,
तडा गेलेला, दोराने, तिरका.
दाढी करायला आता कुणाला आरसा नाही.
हानुसला फोन केला म्हणतात.
तो म्हणे दुसऱ्या बोटीवर आहे, बरा आहे,
आणि त्यापुढे दोघंही काही बोलले नाहीत.

डबा मी उतरवून घेतला.
त्यात आता खिळे ठेवतो, आवाज होतो.
आणि सूप? ती चिठ्ठी कुणाची
ते अक्षरावरून मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.
आजही पळीभर वाढताना
पोरं माझ्या तोंडाकडे बघतात आणि गुमान खातात.
मीठ पुरतं का,
मी अजून विचारलेलं नाही.